उंबऱ्यावरची उसण

मी पायाळू आहे. जन्मताना माझं डोकं आधी यायच्या ऐवजी पाय आधी आले. आई सांगायची, सुईण घाबरली होती आणि आजी खूश झाली होती, कारण घरात उसण काढायला आता हक्काचं माणूस मिळालं. शिरोड्याला आमच्या वाडीत तोवर एकच पायाळू होता. तो बोटीवर कामाला होता, त्यामुळे कोणाची पाठ धरली की तो हमखास समुद्रात असायचा.

घागर उचलताना किंवा माडावरून पडलेलं चुडत, म्हणजे झावळ, ओढताना पाठीत एकदम चमक भरते आणि माणूस अर्धा वाकलेला तसाच राहतो, त्याला आम्ही उसण म्हणतो. पायाळू माणसाने त्या जागी पाय लावला की ती जाते असं मानतात. मी नीट उभी राहायला लागल्यापासून लोकांच्या पाठीवर पाय देत आले. शाळेत जाताना वाटेत थांबवून लोक पाय लावून घ्यायचे.

आईने त्याचे नेम घालून दिले होते. रोग्याने पायाळवाच्या दारात यायचं. पायाळूने रोग्याच्या दारात जायचं नाही, गेलं तर उसण त्या घरातच राहते. रोग्याने उंबऱ्याला लागून बाहेरच्या बाजूला पालथं झोपायचं, पायाळूने आत उभं राहून उंबऱ्यावरून पाय बाहेर काढायचा आणि दुखऱ्या जागी तीनदा टेकवायचा. दर खेपेला विचारायचं, "गेली?" रोग्याने म्हणायचं, "गेली." ते ऐकल्याशिवाय पाय काढायचा नाही. असं तीन सकाळी. मोबदला म्हणून काही घ्यायचं नाही, सुपारीसुद्धा नाही. आणि कोणालाही नाही म्हणायचं नाही.

मला मोजून-मापून बघायची खोड आहे. इतकी वर्षं मी नजर ठेवली आहे, आणि माझं मत असं, की पायाने फारसं काही होत नाही. जे धावत आले आणि जे चार दिवसांनी आले, ते साधारण एकाच सुमाराला सरळ झाले. गुण असतो तो लेपात आणि पडून राहण्यात. लेपाचं माझं प्रमाण ठरलेलं आहे. आंबेहळद दोन भाग, तुरटी अर्धा भाग, सहाणेवर उगाळायची ती पाण्यात नाही, निगुडीच्या पानांच्या रसात. पळीत कोमट करून लावायचं. वरून निगुडीची पानं तव्यावर मऊ करून फडक्याने बांधायची. आखडलेल्या पाठीला जाड्या मिठाच्या पुरचुंडीचा शेक. मीठ मी अजून माहेराहून आणते, आमच्या मिठागरातलं. पाय नुकताच मुरगळला असेल, सुजून गरम लागत असेल, तर पहिल्या दिवशी शेक द्यायचा नाही, गार पाण्याची पट्टी ठेवायची. हाड सरकल्याची शंका आली तर मी हात लावत नाही, मालवणला डॉक्टरकडे पाठवते. मला पाय असला तरी अक्कल गहाण टाकलेली नाही.

लग्न होऊन मी मालवणजवळच्या ह्या वाडीत आले. तेव्हा माझ्या पायांना विरोध केला तो एकाच माणसाने, माझ्या यजमानांच्या थोरल्या चुलत भावाने. आमच्या भावकीत त्यांचा शब्द चालायचा. पायाळू माणसावर वीज पडते अशी एक समजूत आहे, तिचा आधार घेऊन ते म्हणाले की ही मुलगी घरात आणू नका. सासूबाईंनी ऐकलं नाही. तेव्हापासून भावोजी माझ्याशी थेट बोलले नाहीत. मला काही सांगायचं असलं की ते यजमानांना सांगायचे, नाहीतर कुत्र्याला. पावसाळ्याच्या तोंडाला ढग वाजू लागले की आपल्या पडवीतून ओरडायचे, "पायाळवाक भायर काढू नका रे, माज्या माडार पडतली."

त्यावर वाडी हसायची. पहिली दोन-तीन वर्षं मीही हसले. चतुर्थीला सगळी भावकी मूळ घरात जमते, तेव्हा मी रीतीप्रमाणे त्यांच्या पाया पडायला वाकायचे. माझा हात पोचायच्या आत ते पाय मागे घ्यायचे. दर वर्षी.

त्यांचं घर आणि आमचं घर शेजारी. मध्ये निगुडीचं कुंपण होतं, जुनं, पुरुषभर उंच. सगळी वाडी औषधाला तिथूनच पाला न्यायची. कुंपणात एक फट होती आणि त्या फटीतून वाट. ती वाट पाडली होती दोन जावांनी, माझ्या सासूबाईंनी आणि भावोजींच्या आईने. भावोजींच्या आईला सगळी वाडी काकी म्हणायची. दोघी एकाच मांडवात बोहल्यावर चढल्या होत्या, दोघींचे नवरे आगेमागे गेले होते. दुपारची जेवणं आटपली की सासूबाई फटीतून पलीकडे जायच्या आणि दोघी काकींच्या पडवीत केरसुणीसाठी चुडताचे हीर काढत बसायच्या. बोलायच्या कमीच. एकीने सुपारी कातरायची, दुसरीने पानाला चुना लावायचा. काकींचे डोळे अधू झाल्यापासून त्यांना आमच्याकडे येणं जमत नव्हतं, म्हणून सासूबाईच जायच्या.

दोन हजार सालानंतर आमच्या भागात जांभ्या चिऱ्यांच्या गडग्यांचं, म्हणजे दगडी कुंपणांचं, वेड आलं. ज्याचा मुलगा मुंबईला किंवा गोव्याला लागला, त्याच्या घराभोवती चिरे रचले गेलेच. भावोजींचे दोन्ही मुलगे मुंबईला. एका सकाळी कोयत्यांचे आवाज आले म्हणून मी बाहेर गेले, तर निम्मी निगुडी आडवी झाली होती. दोन गडी मुळं खणत होते. भावोजी उभे होते.

मी म्हणाले, "भावोजी, मुळासकट काढू नका. वाडयेक औषधाक लागता."

ते गड्याकडे वळून म्हणाले, "तिका सांग, औषध मालवणात मेडिकलात मिळता."

"आणि म्हाताऱ्यांची वाट?"

"तिका सांग, वाट रस्त्यान आसा. सरकारान बांदलेली आसा."

गडी बिचारा खाली बघून म्हणाला, "वयनी, वाट रस्त्यान आसा."

"आयकलंय मी," मी म्हणाले.

आठवड्यात गडगा उभा राहिला. नुसते चिऱ्यावर चिरे, मध्ये माती नाही, सिमेंट नाही, पण छातीपर्यंत उंच आणि कुठेही फट नाही. जागा त्यांचीच होती, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मी टेप लावून मोजली होती. मोजणीच्या दगडाच्या आत वीतभर होता गडगा. कायद्याने त्यांचं काही चुकलं नव्हतं. यजमानांचं म्हणणं, "दगडच ते, असूंदेत." यजमान एस.टी.त नोकरीला, भांडण दिसलं की त्यांना ड्यूटीची आठवण होते.

रस्त्याने जायचं म्हणजे आमच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, बाहेर पडून, देवळाला वळसा घालून, व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव ओलांडून मागच्या बाजूने त्यांच्या घरी पोचायचं. साकव म्हणजे माडाचे दोन सोट, एका बाजूला धरायला बांबू. सासूबाई पहिले काही दिवस गेल्या त्या वाटेने. मग एका दुपारी साकवावर त्यांचा पाय सटकला. व्हाळात पाणी घोटाभर होतं म्हणून बरं. घोटा मुरगळला आणि मांडीला मुका मार बसला, काळानिळा, माझ्या पंजाएवढा.

मोडलं काही नव्हतं. बोटं हलत होती, पाय टेकत होता. मी लेप घातला, पण निगुडी कुठली? पाला आणायला मला पलीकडच्या वाडीत जावं लागलं, आणि परत येईपर्यंत तो अर्धा सुकला. ज्या घराच्या कुंपणातून सगळ्या वाडीने पाला नेला, त्या घरच्या म्हातारीला पाला मिळेना. सहाणेवर आंबेहळद उगाळताना माझे दात एकमेकांवर घासत होते.

दोन दिवसांनी मासे विकणारी बाई दारात आली. पाटी उतरवून ती म्हणाली, "माका काय, आयकलंय तां सांगतंय. तुजो थोरलो दीर दुकानार सांगी होतो, म्हातारी पडतली नाय तर काय? पायाळवाच्या घरात रवता ती."

"आणखी काय सांगी होतो?"

"आणखी काय नाय. लोक हसले." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी नाय हसलंय गो."

बांगडे घेतले, साफ केले, आमटी केली. यजमानांना त्यातलं काही सांगितलं नाही. पण त्या दिवशी मी ठरवलं की मला दोन गोष्टी हव्यात. गडग्याला वाट हवी, आणि ह्या माणसाने मला तोंडावर, माझ्याकडे बघून उत्तर द्यायला हवं. त्याहून एक कमी नाही की जास्त नाही. आणि हेही ठरवलं की त्यासाठी खोटं बोलायचं नाही, कोणाचा नेम मोडायचा नाही. खोटं बोलून घेतलेला सूड टिकत नाही, कोणी ना कोणी उलटा मोजून बघतो.

सासूबाईंचा घोटा उतरला, मांडी पिवळी पडून साफ झाली. पण साकवाचं भय मनात बसलं ते बसलं. त्यांनी पलीकडे जाणं सोडलं. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. दुपारी त्या मागच्या अंगणात गडग्याला पाठ लावून बसायच्या. पलीकडे काकी येऊन बसायच्या. दोघींनाही कमी ऐकू येई, त्यामुळे बोलणं जमत नसे. मग काकी पलीकडून चिऱ्यावर काठी आपटायच्या आणि सासूबाई अलीकडून करवंटी. जेवण झालं की एकदा. झोपायला जाते म्हणून दोनदा. मी भांडी घासताना ते ठोके ऐकायचे. काकींचं वय बघता हे किती दिवस चालणार, ह्याचा हिशेब मला येत होता, आणि म्हणूनच घाई होती.

हे सगळं तसंच पुढच्या वैशाखापर्यंत चाललं. मी अंगणात कोकमं वाळत घातली होती. भावोजींना आमच्या कोंबड्यांचा त्रास होत होता, त्या गडग्यावरून उडून त्यांच्या चवळीत जायच्या. आणि त्या ठोक्यांचाही होत होता, असं त्यांनी कुत्र्याला सांगताना मी ऐकलं होतं. "एक थर चडवतंय बग, कोंबडीय नाय आणि कोंबडीचो आवाजय नाय." मुलगे सुट्टीला आले होते, पण त्यांच्या उठण्याची वाट न बघता त्यांनी स्वतःच थर चढवायला घेतला. मला गडग्यापलीकडे चिरा चिऱ्यावर बसल्याचा आवाज येत होता. एक. दुसरा. मग नुसताच एक हुंकार, बैलाच्या पाठीत काठी बसल्यावर येतो तसा.

मी टाचा उंचावून बघितलं. चिरा खाली पडला होता आणि भावोजी त्याच्यावर वाकलेले होते, हात गुडघ्यावर. ते वर येत नव्हते.

मी कोकमं उलटी केली.

त्यांना आत नेलं. मालवणहून डॉक्टर आणला. त्याने सुई मारली, गोळ्या दिल्या आणि पडून राहा, आपोआप सुटेल, असं सांगितलं. त्याचं बरोबर होतं, मीही तेच सांगितलं असतं. पण भावोजींना पडून राहणं माहीत नव्हतं. मुलांनी मलमं आणली. कोणीतरी गूळ-चुना लावला, तो पाठीवर वाळून तडकला आणि कातडी ओढायला लागला. ते रात्रंदिवस कण्हत होते. वाडीतल्या प्रत्येकाच्या मनात एकच उपाय होता आणि तो तोंडावर आणायची कोणाची छाती नव्हती.

शेवटी त्यांची बायको, माझी थोरली जाव, साकवावरून वळसा घालून आली. दमली होती. मी तिला पाणी दिलं.

"गो, जरा येतंस काय? ह्येंच्या पाटीत उसण भरली. कुशीर वळूक जमना नाय."

"आयकलंय. डाक्टरान काय सांगल्यान?"

"आपोआप सुटतली म्हणता. सुटना नाय. तू पाय लाव."

"लावतंय की. माज्या उंबऱ्यार हाडा त्येंका."

"त्येंका चलूक येना नाय गो."

"मगे उचलून हाडा. माजो नेम तुका ठावक आसा. मी कोणाच्या दारात जावन पाय लावणंय नाय. तुज्या भावाकसुद्धा हडेच हाडलेलो, याद आसा?"

तिला आठवत होतं. तिच्या भावाला रिक्षाने आणून माझ्या दारात पालथा घातला होता. मी नेम बनवला नव्हता, मी तो कोणासाठी वाकवला नव्हता, आणि आता वाकवणारही नव्हते.

"साकवावरसून कसो हाडतलो?"

"तां तुमी बगा," मी म्हणाले. "माजी सासू त्याच वाटेन जाई होती."

ती उठून गेली. तिच्यावर माझा राग नव्हता. तिने ओट्यावरून उतरताना माझ्या खांद्याला हात लावला, तो का लावला हे मी विचारलं नाही.

मग पलीकडे बोलणी सुरू झाली. मी अंगणातच होते, गडग्याजवळच्या कोकमांवर त्या दिवशी माझी विशेष नजर होती. मोठा मुलगा म्हणत होता, खुर्चीत बसवून नेऊ. धाकटा म्हणाला, दोन माणसं आणि खुर्ची, साकव मोडेल. रिक्षा साकवापलीकडेच थांबते. मग धाकटा, मुंबईत राहून भाषा बदललेला, म्हणाला, "पप्पा, सोपं आहे. चार चिऱ्यांची रुंदी काढली की खुर्ची आरामात जाते. नंतर परत लावू."

आतून आवाज आला, "चिऱ्याक हात लावलास तर तंगडी मोडतलंय तुजी."

"मोडा. आधी उठून दाखवा."

बराच वेळ नुसतं कण्हणं. मग अगदी बारीक आवाजात, "काढा."

मुलांनी वरच्या थरापासून सुरुवात केली. सुटे चिरे होते, वेळ लागला नाही. एकेक चिरा उतरताना मी मनात तो ओळखत होते. आमच्या बाजूने इतके दिवस बघितलेले चिरे ते. जुन्या फटीच्या जागीच वाट पडली, कारण तिथेच दोन्हीकडची जमीन तुडवून सपाट झालेली होती. कोणी ती जागा दाखवली नव्हती.

खुर्ची प्लास्टिकची, लाल. तिच्यात भावोजी एका बाजूला कलते, दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरून. वाडीला बातमी लागली होती. माझ्या अंगणात लोक जमले. मासे विकणारी बाई पाटी डोक्यावरच ठेवून उभी राहिली. कोणीतरी म्हणालं, "गो, तुजे बांगडे नासतले." ती म्हणाली, "नासले तर नासांदेत."

देवळाचा म्हातारा पुजारी काठी टेकत आला होता. तो भावोजींना म्हणाला, "इतकी वर्सां वीज खंय पडतली म्हणान बगी होतंस. पडली बग."

मुलांनी त्यांना उंबऱ्याशी पालथं घातलं. सदरा वर केला. पाठीवर गूळ-चुन्याचे पांढरे पापुद्रे होते. मी आधी ओल्या फडक्याने ते पुसून काढले, स्वच्छ, कारण काम ते काम. मग कंबरेच्या दोन्ही बाजूंनी बोट फिरवून बघितलं. हाडाचं काही नव्हतं. पायांची बोटं हलवायला सांगितली, हलली. उजवीकडे कण्याच्या शेजारी दोरी पिळावी तसा पीळ होता. मी आत गेले, पाय धुतले, आणि उंबऱ्यावरून उजवा पाय बाहेर काढला.

पाठ म्हणजे काय, ती पाठच असते. पण ज्यांच्या पायाला मला कधी हात लावू दिला नाही, त्यांच्या पाठीवर माझा पाय होता, आणि तोही त्यांनी मागून घेतलेला. पाय टेकवायचा असतो. मी टेकवला, आणि वर थोडा भार दिला. किती ते मला नक्की सांगता येईल, पण सांगत नाही.

ते कळवळले. मी विचारलं, "गेली?"

ते गप्प. नेम असा की उत्तर मिळेपर्यंत पाय काढायचा नाही. हेही सगळ्यांना माहीत.

"भावोजी, गेली?"

त्यांनी मान वळवली. खाली पडल्या जागेवरून त्यांना माझं तोंड दिसलं असेल की नुसती पावलं, मला ठाऊक नाही. पण त्यांनी कुत्र्याला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही.

"गेली," ते मला म्हणाले.

"आयकाक येवक नाय गो मागे," मासे विकणारी म्हणाली.

मी दुसऱ्यांदा पाय टेकवला. आणि तेव्हाच, मान वर करताना, मला गडग्याकडे सासूबाई दिसल्या. सगळे ह्या पाठीकडे बघत असताना त्या एकट्या उठल्या होत्या. एका हाताने उरलेल्या चिऱ्यांचा आधार घेत, पदर सावरत, त्या फटीतून पलीकडे गेल्या. कोणाला सांगितलं नाही. थोड्या वेळाने त्यांच्या पडवीतून काकींचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा, "इलंस? चुनो हाडलंस?"

"गेली?" मी विचारलं.

"गेली."

तिसऱ्यांदा मी नुसता टेकवला. भार दिला नाही. त्याची गरज उरली नव्हती.

मग मिठाचा शेक दिला आणि लेप घातला. माझी थोरली जाव म्हणाली, "निगुडीचो पालो बांदणंस नाय काय?"

मी म्हणाले, "निगुडी खंय गेली तां ह्येंका विचार." त्यांनी डोळे मिटून घेतले.

दोन सकाळी लाल खुर्ची त्या वाटेने आली आणि गेली. तिसऱ्या सकाळी ते खुर्चीशिवाय आले, एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. पडून राहिले असते तरी त्याच सुमाराला सरळ झाले असते. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

मुलांची सुट्टी संपत आली होती. जाण्याआधी गडग्यातली वाट बुजवून द्या, असं भावोजींनी मुलांना सांगितलं, तेव्हा धाकटा म्हणाला, "पलीकडची आजी त्यातून येते-जाते आता, तिला विचारा." आजीला विचारायची त्यांची तयारी नव्हती. मुलगे गेले. पावसाआधी काम उरकायला भावोजींनी गवंड्याला बोलावलं.

त्याच सुमाराला दुकानावर मी तेल आणायला गेले होते. गवंडी तिथेच बिडी ओढत होता. दुकानदाराने हसत विचारलं, "वयनी, तू उसण काढतंस ती मगे जाता खंय?"

हे मला शिरोड्यापासून लोक विचारत आले आहेत, आणि आईने शिकवलेलं एकच उत्तर मी सगळ्यांना देते. "जंयसून इली थंय," मी म्हणाले आणि तेल घेऊन घरी आले. जिथून आली तिथे, शब्दाला शब्द तेच उत्तर. त्यात एक अक्षर जास्त घातलं नाही.

गवंडी दुसऱ्या दिवशी आला, चिऱ्यांच्या ढिगाकडे बघून उभा राहिला आणि म्हणाला, "ह्येच्यातलो खंयचो चिरो उचलताना भरलेली?" भावोजींनाही नक्की सांगता येईना. तेव्हा तो म्हणाला, "मगे एकाकय हात लावणंय नाय. माका पोटाक कमर लागता." दुसरा गवंडी आणला, तोही ऐकून आला होता. गडी मिळेनात. आणि स्वतः वाकून त्या ढिगातला एक चिरा उचलायचं धाडस भावोजींनी केलं नाही, ना त्या वर्षी, ना नंतर. मी अंगणातून बघत होते. मला विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, की चिऱ्यात उसण-बिसण काही नसते. पण मला विचारायचं म्हणजे माझ्याशी बोलायला हवं होतं.

सासूबाईंचं जेवण पूर्ववत झालं. काकी गेल्या त्याच्या आदल्या दुपारपर्यंत दोघी पडवीत बसल्या. काकी गेल्याचं सांगायला भावोजी स्वतः त्या वाटेने आले. मी त्यांना पाणी दिलं. तेवढं माणुसकीचं. बाकीचं मी विसरले नाही.

वाट मोकळी झाली त्या पहिल्या पावसाळ्यातच मी पलीकडच्या वाडीतून निगुडीच्या फांद्या आणून त्या वाटेच्या दोन्ही अंगांना, आमच्या हद्दीत, टेप लावून रोवल्या होत्या. निगुडी बेइमान नाही, रोवली तिथे जगते. आता ती चांगली भरली आहे आणि वाडी पुन्हा पाल्याला येते. भावोजींची पाठ थंडीत धरते. तेव्हा ते वाटेवर उभे राहतात आणि मला, माझ्याकडे बघून विचारतात, "गो, थोडो पालो मिळतलो?"

"मिळतलो की. तोडून न्हेवा," मी म्हणते.

वरच्या फांद्या मी दर महिन्याला छाटते. पाला राहतो तो गुडघ्याच्या खाली, बुंध्याशी. कोणालाही तो वाकूनच तोडावा लागतो.